डोमेन कोणाच्या नावावर?

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात घरबसल्या तांदूळ विकणाऱ्याची ऑर्डर ईमेलवर येते. होस्टिंगवाल्याचा सर्व्हर बसला की ऑर्डर अडकते, आणि फोन केला तर नुसतं ‘बघतो, करतो’! भांडत बसू नका, कंपनी बदला. पण आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तपासा. डॉट इन डोमेनची व्यवस्था ‘निक्सी’ ही संस्था पाहते; पण नोंद तुमच्याच नावावर आहे ना? बरेचदा ती वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर निघते. जुन्या मेलची प्रत उतरवून घ्या, मगच डोमेन हलवण्याचा ट्रान्सफर कोड मागा. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाराही कायद्याने ग्राहकच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपल्याच जिल्ह्यात, गोंदियाच्या ग्राहक आयोगात करता येते; मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर शुल्कही नाही.