मुकादम यंत्र आणि लांबलेली मुदत

कामगाराला घ्यावे की काढावे, हे आता अनेक ठिकाणी संगणकाची प्रणाली सुचविते. मुकादमाशी निदान भांडता तरी येत असे! युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्याने अशा प्रणाली 'उच्च जोखमीच्या' ठरविल्या. त्यांवर माणसाची देखरेख हवी, वापरापूर्वी कामगारांना व त्यांच्या प्रतिनिधींना कळविले पाहिजे, आणि निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क बाधित व्यक्तीस असावा, असा दंडक घातला.

या कलमांची मूळ मुदत २ ऑगस्ट २०२६ ची. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र युरोपीय आयोगाने ती डिसेंबर २०२७ पर्यंत लांबविण्याचा प्रस्ताव मांडला. तांत्रिक मानके तयार नाहीत, हे कारण. त्यात तथ्य आहे. परंतु यंत्रे बाजारात आणताना मानकांसाठी कोणी थांबले नव्हते. मधला काळ मालकाच्या खाती जमा होतो. काढलेल्या कामगाराच्या हाती २०१८ पासूनच्या माहिती-संरक्षण नियमांचे २२ वे कलम उरते, पण ते केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयापुरते. खाली साहेबाची सही असली की निर्णय यंत्राचा की माणसाचा, यावरच कज्जा सुरू होतो.