एका सेंटिमीटरची साधना

पन्नास मीटर दूर लक्ष्य, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ, जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचं! या वर्तुळानं कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचं आयुष्य घडवलं.

2006च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एअर रायफलची दोन सुवर्णपदकं जिंकली. 2010मध्ये म्युनिकला, झोपून नेम साधण्याच्या प्रकारात, 600पैकी 597 गुण मिळवत त्या जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

पण महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हता. तिथं पन्नास मीटरच्या रायफलसाठी गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, अशा तिन्ही स्थितींत नेम साधावा लागतो. त्यांनी तेही कौशल्य कमावलं. 2018मध्ये गोल्ड कोस्टला त्याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, आणि चाळिसाव्या वर्षी टोकियोत पहिलं ऑलिंपिक गाठलं.

श्वासावर ताबा, स्थिर शरीर आणि शांत मन. नेमबाजीत हेच खरं बळ. म्हणून इथं कारकीर्द दीर्घ असू शकते. खडकवासल्याच्या मुलींनो, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीचं केंद्र आहे. एकदा अवश्य जाऊन पाहा.