सत्कार झाला, आता पोर कुठं निघाली?

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि आपल्याकडं सत्काराचा हंगाम सुरू झाला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, कुठं ट्रॉफी, कुठं नुसती वही आणि पेन. चौकात फ्लेक्स लागतो. वरच्या बाजूला नेत्यांचे मोठे फोटो, दोन्ही अंगांना 'शुभेच्छुक' म्हणून पंधरा-वीस चेहरे, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी आपली लेक. सत्कार नक्की कुणाचा, हे फ्लेक्स बघून ओळखा म्हटलं तर अवघड जाईल.

तरीही सत्कार बंद करा असं आमच्या बचत गटाचं म्हणणं नाही. ज्या बाईचं नाव आयुष्यात कधी माइकवरून पुकारलं गेलं नाही, तिला लेकीबरोबर स्टेजवर बोलावतात, तेव्हा तिच्या चालण्यात फरक पडतो. तो आम्ही पाहिला आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. सत्कार टक्क्यांपाशी संपतो. 'अमुक हिला ब्याऐंशी टक्के', टाळ्या, चहा, घरी. पुढं ती काय शिकणार, कुठं जाणार, हे माइकवर कुणीच विचारत नाही. आणि निकालानंतरच्या तीन-चार आठवड्यांतच पोरीचं पुढचं सगळं ठरतं. तेही घरात, रात्री, फोनवर. 'स्थळ चांगलं आहे, पोरगा कंपनीत आहे.' ज्या पोरीच्या गळ्यात आठ दिवसांपूर्वी हार घातला, तिला यातलं बरंचसं शेवटी कळतं.

अमेरिकेत हायस्कूलमध्ये एक रीत आहे. तिथं विद्यार्थी आधी अनेक कॉलेजांकडं अर्ज करतात. जिथं जिथं प्रवेश मिळतो, त्यातलं एक निवडून बऱ्याच कॉलेजांना 1 मेपर्यंत कळवायचं असतं. त्या सुमाराला शाळेत मुलं आपण निवडलेल्या कॉलेजचं नाव असलेला टी-शर्ट घालून येतात. भिंतीवर कॉलेजांचे झेंडे लागतात, फोटो निघतात, काही ठिकाणी एकेक जण पुढं येऊन आपण कुठं निघालो ते सगळ्यांसमोर सांगतो. ही कल्पना खेळाडूंकडून आली. चांगल्या खेळाडूनं कॉलेजच्या करारावर सही केली की त्याचा सोहळा व्हायचा. मिशेल ओबामा यांनी 2014 पासून ही गोष्ट उचलून धरली. त्यांचं सांगणं असं, की खेळात पुढं जाणाऱ्याचं एवढं कौतुक होतं, तर शिकायला निघालेल्याचं का नको? त्या स्वतः अशा कार्यक्रमांना जात आणि शिकागोच्या कामगार घरातून आपण कशा शिकलो ते सांगत.

आम्हाला यातली एक गोष्ट पटली. तिथं कौतुक मिळवलेल्या गुणांचं नसतं, निघालेल्या पावलाचं असतं. पण तिथंही कुरकुर आहेच. ज्याला पैशांअभावी जाता येत नाही, त्यानं त्या दिवशी कुठला टी-शर्ट घालायचा? म्हणून काही शाळा आता हाताचं काम शिकायला जाणाऱ्यांना, सैन्यात जाणाऱ्यांना, सरळ नोकरीला लागणाऱ्यांनाही त्याच स्टेजवर बोलावतात.

आता आपल्या गावाचं. गेली दोन वर्षं आमचे गट मिळून हे दोन टप्प्यांत करतात. पहिला टप्पा निकालानंतर आठ दिवसांच्या आत. गटाच्या बैठकीच्या जागेतच बसायचं, स्टेज नाही. आया येतात, मुली येतात. वडिलांनाही बोलावतो, निम्मे येतात. प्रत्येक मुलगी उभी राहून स्वतःचं नाव, आईचं नाव आणि काय शिकायचं आहे ते सांगते. कॉलेजचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. कारण प्रवेश अजून हातात नसतो, आणि चारचौघांत नाव घेतलं आणि जागा मिळाली नाही, तर त्या वयात तोंड लपवायची पाळी येते.

दुसरा टप्पा प्रवेश पक्का झाल्यावर, ग्रामपंचायतीसमोर, सगळ्या गावाला बोलावून. तिथं मात्र कॉलेजचं नाव घ्यायचं, गावाचं घ्यायचं, एसटी किती वाजताची तेसुद्धा सांगायचं. सत्तर-ऐंशी माणसांसमोर मुलगी बोलली की पुढं वर्षभर कुणी ना कुणी तिच्या बापाला विचारतंच, 'काय, जाते ना कॉलेजला?' या प्रश्नाला 'नाही, काढलं तिला' असं उत्तर देणं जड जातं. आम्ही हे मुद्दाम करतो, लपवत नाही.

पहिल्या वर्षी भांडण झालं ते एका मुलीवरून. दहावीला गणितात राहिलेली. काही बायका म्हणाल्या, नापासाला बोलावलं तर पास झालेल्यांची किंमत काय राहिली? दीड तास हाच विषय. शेवटी एक म्हातारी म्हणाली, 'पास झालेलीला सगळे विचारत्यात. हिला कोण विचारनार?' मुलगी आली. 'पुरवणी परीक्षेला बसणार आहे,' एवढंच बोलली आणि खाली बसली. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो, हे त्या दिवशी निम्म्या आयांना पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून या बैठकीत कौतुक थोडं आणि माहिती जास्त असते. मुलगी म्हणते, 'नर्सिंग करणार.' पण एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. शेवटच्याला बारावीला जीवशास्त्र लागतं. म्हणजे हे दहावीनंतरच ठरवावं लागतं. अकरावीचे प्रवेश 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. फॉर्मवर दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं लिहिता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून नेट कॅफेवाल्या पोराला 'तूच भर काहीतरी' म्हणू नका. पहिलं नाव घरात बसून, एसटीचं वेळापत्रक बघून ठरवा. बारावीपर्यंत मुलींना शाळा-कॉलेजसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडीच त्या वेळेला नसेल तर पास घेऊन काय करणार?

पैशाचंही तिथंच बोलतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. आणि फी माफ म्हणजे खोली, मेस, डिपॉझिट माफ नव्हे. मुली तिथंच अडतात. आमच्या गटांनी यासाठी अंतर्गत कर्जात शिक्षणाला पहिला नंबर ठेवला आहे. लग्नाच्या कर्जाचा अर्ज आणि मेसच्या कर्जाचा अर्ज एकाच बैठकीत आला तर आधी मेसचा. यावर अजून कुरबूर होते, होऊ द्या.

फ्लेक्स आम्ही लावत नाही. त्या पैशात दोन मुलींचे फॉर्म भरून होतात. शिवाय फोटो लावायचा की नाही हे मुलीला विचारायला हवं. क्लासवाल्यांना तर नोव्हेंबर 2024 पासून केंद्र सरकारचा नियमच आहे, की निवड झाल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो जाहिरातीत वापरायचा नाही. तुमच्या लेकीचा फोटो न विचारता कुठल्या क्लासच्या बोर्डावर दिसला तर जाऊन काढायला सांगा.

ज्या मुली कुठंच जात नाहीत, त्यांना आम्ही उभं करत नाही. कुणाची आई आजारी असते, कुणाचं घर तिच्यावरच चालतं. तिच्या घरी गटातल्या दोघी जणी जाऊन येतात, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म घेऊन. घरी राहून बी.ए. करता येतं. मागच्या वर्षी तिघींनी भरला. एकीनं अजून भरलेला नाही. तिच्याकडं आम्ही या रविवारी पुन्हा जाणार आहोत.

आमची या वर्षीची पहिली बैठक येत्या शुक्रवारी दुपारी तीनला आहे. तुमच्या गावात अशी बैठक घ्यायची असेल तर येऊन बघा. मुलीला घेऊन या, गुणपत्रिका आणा, उत्पन्नाचा दाखला काढला नसेल तर तसं सांगा. आणि जमलं तर तिच्या वडिलांनाही आणा.