रोजची भाकर, आमची भाकर



पत्रिकेत माझा विषय ‘देव पुरवतो’ असा छापलाय. मला मात्र एका शब्दाबद्दल बोलायचंय. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो, तेव्हा ‘मला’ म्हणत नाही, ‘आम्हाला’ म्हणतो. (हशा) हो, हसणाऱ्यांनी हे माझ्याकडून आधीही ऐकलंय. पटेपर्यंत मी सांगत राहणार.

मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, हे या गावात सांगायला नको. १८६१ साली ते परत आले तेव्हा पाठीशी पैसे पुरवणारं कुठलंही मिशन बोर्ड नव्हतं आणि १८७० पर्यंत त्यांनी तसंच काम रेटलं, एवढंच ध्यानात ठेवा. मला आज केडगावला जायचंय.

पंडिता रमाबाईंची साक्ष आपण केडगावच्या मुक्ती मिशनपासून ऐकतो. मी थोडं आधीपासून धरतो. १८७४ च्या सुमाराला, दक्षिणेत, रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी आणि थोरली मुलगी थोड्याच काळात एकामागून एक उपासमारीनं गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. जवळचं सगळं दानधर्मात आणि व्रतांत संपलं होतं, मोलमजुरी करायला घरात कुणी शिकलं नव्हतं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढं याच बाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरची हकिकत वाचली. म्यूलर हजारो अनाथ मुलं सांभाळत, पण पैशासाठी माणसापुढं हात पसरत नसत, फक्त देवाला सांगत. ते वाचून रमाबाईंना प्रश्न पडला, असा भरवसा हिंदुस्थानात ठेवता येणार नाही का? आईबापांना भुकेनं जाताना पाहिलेल्या मुलीला हा प्रश्न पडावा, हे मला म्यूलरच्या सगळ्या हकिकतींपेक्षा मोठं वाटतं.

आणि तिनं भरवसा कसा ठेवला? १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. अमेरिकेतल्या मदतनीसांनी दिलेली दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपली. तरी १९०० च्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. तिथं प्रार्थना होती, तशाच विहिरी होत्या, शेती होती, माग होते, छापखाना होता.

मागून कुणी म्हणतंय, मग ही तर कष्टाची भाकर, देवानं काय दिलं? मी भरवसा पातळ करतोय असं कृपा करून समजू नका. विहीर खणणारा पाणी तयार करत नाही.

हे मला पुस्तकातनं कळलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, इथल्या पुरात कळलं. दोन मिनिटांत सांगतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्याही वर गेलं. हायवे बंद. आम्ही वरच्या मजल्यावर, खालची तीन बिऱ्हाडं आमच्याकडं. आईनं दुसऱ्याच दिवशी पिठाचा डबा मधे ठेवला आणि सगळ्यांच्या भाकऱ्या थापायला बसली. मी म्हटलं, आई, उद्याचं काय? ती म्हणाली, उद्याचं उद्या मागायचं. मी गप्प बसलो आणि दोन किलो पीठ कपाटात लपवलं. हे आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलतोय. चौथ्या दिवशी डबा रिकामा झाला. आई खिडकीशी बसून प्रार्थना करत होती, आणि मी कपाटाकडं बघत होतो. दुपारी तालमीची पोरं नाव घेऊन आली, पातेलंभर आमटी-भात दोरीनं वर ओढून घेतला. त्या पोरांतला एकही आपल्या मंडळीतला नव्हता. पूर ओसरल्यावर कपाट उघडलं, तर त्या ओलीत पिठात अळ्या झालेल्या. रानात देवानं रोज दिलेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला, तर त्यात किडे पडले, हे मी रविवारच्या शाळेत वीस वर्षं शिकवत होतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे टिळक राहिलेच. १९१७ साली रेव्हरंड टिळकांनी मिशनचा पगार सोडला, ते आपण थोर म्हणून सांगतो. त्यांच्या मोकळ्या हातापायी घरात काय शिजवायचं हा प्रश्न कुणापुढं उभा राहायचा, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. घरी गेल्यावर पुन्हा वाचा. भरवसा नवऱ्यानं ठेवायचा आणि काळजी बायकोनं वाहायची, ही वाटणी आपल्या घरांत अजून चालते.

शेवटचं. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून बायका स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो देवळात जमा होतो, आणि त्यावर मोठी कामं उभी राहिली. आपल्याकडं ज्वारी आहे. आईचा तो डबा मी आज घेऊन आलोय, दाराशी ठेवलाय. रेशन न मिळणारी सहा घरं पाळकसाहेबांना ठाऊक आहेत. येत्या रविवारी येताना घरटी एक मूठ पीठ आणा, आणि मूठ पुरुषांनीही भरावी.