दहा वर्षांच्या भीमाची तहान
(जुहूच्या नेहरूनगर वस्तीत केलेलं भाषण)



बाबासाहेबांचा फोटो आपल्या घराघरात आहे. निळा कोट, हातात संविधान, बोट वर. हा माणूस कधी तहानेनं कासावीस झाला असेल हे त्या फोटोवरनं कळत नाही. आपल्या पोरांना तर तो कोटासकट जन्मला असंच वाटतं. म्हणून आज मी चित्रांच्या एका पुस्तकावर बोलणार आहे. ‘भीमायन’. नवायननं 2011 साली इंग्रजीत काढलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड नवराबायकोची. याला चित्रकादंबरी म्हणतात. म्हणोत. त्यातल्या भीमाचे हाल मात्र कुणी रचलेले नाहीत, बाबासाहेबांनी स्वतःच ते लिहून ठेवलेत.

साल 1901. दहा वर्षांचा भीम आणि बरोबरची पोरं साताऱ्याहून वडिलांकडं निघालीत. गोरेगावला. खटाव तालुक्यातलं गोरेगाव, आपलं वेस्टर्न लाइनवरचं नव्हे. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर घ्यायला कुणीच नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो, जात कळली की चेहरा पालटतो. गाडीवाला दुप्पट भाडं घेतो, तरी गाडी हाकत नाही. पोरांनीच हाकायची, तो पायी चालणार. बरोबर जेवण आहे, पाणी नाही. नाक्यावरच्या माणसाकडं मागितलं, मिळालं नाही. जेवण असून पोरं उपाशी झोपली.

आता हे काढायचं कसं? इथं जुहूत सिनेमावाले राहतात, त्यांना दुःख दाखवायचं तर ग्लिसरीन लागतं. व्यामांनी दुसरी वाट धरली. कॉमिकसारखे चौकोन पाडायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. माणसं चौकटीत कोंडायची नाहीत. ज्यांना आयुष्यभर वेशीबाहेरची चौकट आखून दिली, त्यांची गोष्ट पुन्हा चौकटीत का म्हणून? मला हे पटलं. पान मोकळं. आगगाडी सापासारखी वळत जाते. पाण्याच्या भागात मासे आणि पाण्यातले जीव जागोजागी. पानभर पाणी, आणि पोराच्या घशाला थेंब नाही!

आणि बोलण्याचे फुगे बघा. गोड, गरीब बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा, मनाचा डोळा. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आयांनाही कोण डसतोय ते कळेल. सालं, इतकी वर्षं कविता लिहून आम्हाला हे सुचलं नाही.

शाळेत भीमाला वेगळं बसवलं, गोणपाटावर. ते गोणपाटही रोज घरी न्यायचं, कारण झाडणारा त्याला हात लावणार नाही. गोणपाट मला सांगू नका. गोदीत तेच माझ्या खांद्यावर असतं. घामानं कुबट होतं, मानेला काचतं. गोंड चित्रात अंग भरतात त्या बारीक रेघा-टिंबांत मला त्याचीच वीण दिसते. त्या रेघा भिंती-जमिनीवरच्या दिगन्यातनं आल्यात, हे मला नंतर कळलं.

काही मित्र म्हणतात, चित्रं फार देखणी आहेत, देखणेपणात राग विरघळतो. थोडं खरं आहे. तो आगगाडीचा साप मलाही जरा जास्तच नटवलेला वाटला. पण पुस्तक 1901 वर थांबत नाही. महाडला, 1927 ला येतं. खैरलांजीची 2006 ची बातमीही त्यात आहे. भीमाला पाणी नाकारणारा म्हातारा होऊन मेला असं समजू नका, असं ही पानं सांगतात. तिथं देखणेपण आड येत नाही.

आणखी एक. गोष्ट महाराच्या पोराची, हात आदिवासींचा. परधान लोक पूर्वी गोंडांच्या वंशावळी गात फिरायचे. आता ते आपला बाप काढताहेत. स्टेजवरच्या एकजुटीच्या भाषणांपेक्षा मला हे मोठं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते नंतर बोला, भांडा.

पुस्तक इथंच ठेवून जातो. रविवारी पोरांना कागद, खडू द्या. शाळा, रेशनचं दुकान, नळावरची रांग, जे दिसतं ते काढू द्या. विंचवाची नांगी ती कुणाच्या तोंडाशी काढतात ते बघू.