डोंगर घरी आणणारी चित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा चित्रांविषयी बोलेन असे मी कबूल केले. मी काही चित्रकार नव्हे. आवडीने चित्रे पाहणारी एक गृहिणी, एवढाच माझा अधिकार. म्हणून प्रथम माझ्या फजितीचीच गोष्ट सांगते.

एके दिवशी मुलीने मला पुस्तकातले एक चित्र दाखवले. हिरवेगार डोंगर, त्यांच्या मधून वाहणारे धुके आणि कोपऱ्यात लाल शिक्का. मी म्हटले, "किती शांत वाटते गं! असले चित्र आपल्या बैठकीत हवे." ती हसून म्हणाली, "आई, जरा जवळून पाहा." पाहते तो काय, ते डोंगर नव्हतेच! बांधकामाच्या राडारोड्याचे आणि कचऱ्याचे ते ढीग होते, आणि धूळ उडू नये म्हणून त्यांवर हिरवी जाळी पांघरली होती. बीजिंगचे कलावंत याओ लू यांनी २००६ पासून छायाचित्रे जुळवून अशी चित्रे केली आहेत.

मी फसले, आणि खरे सांगायचे तर थोडी रागावलेही. जुन्या थोर कलेची ही थट्टा नव्हे काय? त्या रागापोटीच मी या विषयाचे वाचन सुरू केले.

चिनी भाषेत निसर्गचित्राला 'शान-श्वेइ' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'डोंगर-पाणी'. त्याची शाई कशाची, तर काजळीची! दिव्याची किंवा पाइनच्या लाकडाची काजळी धरायची, तीत सरस मिसळून कांडी करायची, आणि आपण सहाणेवर गंध उगाळतो तशी ती दगडावर पाणी घालून उगाळायची. पाणी कमी-अधिक केले की एकाच काळ्या रंगातून दाट रात्रही निघते आणि विरळ धुकेही. मात्र कुंचला एकदा टेकला की खोडाखोड नाही.

इसवी सन १००० च्या सुमारास फान क्वान यांनी काढलेले एक चित्र आज तैपेइच्या राजवाडा संग्रहालयात आहे. उंची दोन मीटरांहून अधिक. बहुतेक जागा एका प्रचंड कड्याने व्यापलेली, आणि खाली खेचरे हाकणारी माणसे मुंगीएवढी. माणसाचे जगातले स्थान किती, हे त्यात एक अक्षर न लिहिता सांगितले आहे.

पण मला अधिक जवळचे वाटले ते ग्वो शी. 'वसंताची चाहूल' हे त्यांचे चित्र १०७२ सालचे. त्यांचे विचार त्यांच्या मुलाने लिहून ठेवले. ते म्हणतात ते थोडक्यात असे: सज्जनाला डोंगराची ओढ असते, परंतु आईवडिलांची सेवा आणि राजाची चाकरी सोडून तो जाणार कसा? म्हणून चित्रकाराने डोंगरच त्याच्या घरी आणून द्यावा. भगिनींनो, घरची माणसे आणि चूल सोडून निघता येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा हा चित्रकार जणू आपलेच मन जाणत होता.

आता नव्यांकडे वळू. शू बिंग यांचा जन्म १९५५ चा. २००४ मध्ये बर्लिन येथे त्यांनी एक चित्रमालिका आरंभली. समोरून पाहावे तर काचेवर उजळलेले जुने निसर्गचित्र, डोंगर, झाडी, धुके, सारे जिथल्या तिथे. मागे जाऊन पाहावे तर वाळक्या काटक्या, तागाचे तंतू, चुरगळलेले कागद! त्यांच्या सावल्या दुधी काचेवर पडून चित्र होते. शाईचा थेंबही नाही. आणि मागची बाजू ते झाकत नाहीत, प्रेक्षकाने ती पाहावी अशीच मांडणी करतात.

शांघायचे यांग योंगल्यांग १९८० साली जन्मले. लहानपणी त्यांनी जुन्या पद्धतीच्या चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. त्यांचे डोंगर लांबून सुंदर दिसतात, पण जवळ जावे तो कळते की सुळके म्हणजे उंच इमारतींची दाटी आहे, आणि झाडांच्या जागी विजेचे मनोरे व बांधकामाच्या याऱ्या उभ्या आहेत.

मग ही थट्टा आहे काय? मला आता तसे वाटत नाही. ज्याला परंपरेची किंमत नाही, तो इतक्या बारकाईने तिचे नियम पाळणार नाही. धुके कोठे ठेवावे, रिकामी जागा किती सोडावी, हे या कलावंतांना पक्के ठाऊक आहे, म्हणून तर माझ्यासारखी फसते. जुन्या चित्रकाराला खात्री होती की डोंगर आपल्या जागी उभा आहे, अडचण फक्त आपल्याला जाता येत नाही एवढीच. नवा चित्रकार विचारतो, डोंगरच पोखरून त्याचे सिमेंट केले, तर मी तुमच्या घरी आणू काय? हा प्रश्न त्याने जुन्याच भाषेत विचारला म्हणून तो मनाला लागतो. नुसता कचऱ्याचा फोटो असता तर मी पान उलटले असते.

परंपरा जपणे म्हणजे ती जशीच्या तशी गिरवणे, असे आपण पुष्कळदा धरून चालतो. गिरवल्यावाचून हात तयार होत नाही, हे खरेच. पण हात तयार झाल्यावर त्याने आपल्या काळाचे खरे लिहिले पाहिजे, नाही तर जुनी सुंदर वस्तूदेखील त्या हिरव्या जाळीसारखी होते. वर शोभा, आणि खाली काय आहे ते कोणी पाहू नये.

ते चित्र बैठकीत लावावे की नाही, यावर आमच्या घरी बरेच दिवस वाद चालला. शेवटी मी म्हटले, लावू या. पाहुणे येतील, "किती छान डोंगर!" म्हणतील, आणि मी त्यांना म्हणेन, "जरा जवळून पाहा हं."