खाडाखोड नसलेली वही

बंगळुरूत संध्याकाळचा पाऊस कोसळू लागला, की मल्लेश्वरमपासून जयनगरापर्यंत असंख्य माणसे एकाच वेळी रिक्षा शोधू लागतात. पूर्वी हे काम हात उंचावून आणि आवाज चढवून होत असे. आता ते खिशातल्या मोबाइलवर बोट टेकवून होते. बोट टेकवणाऱ्याला वाटते, कोठे तरी एक थोरला संगणक बसला आहे आणि तो सर्वांना रिक्षा वाटून देत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अनेक संगणक मिळून हे काम करतात आणि एकमेकांना निरोप धाडतात. त्यांतला एखादा मध्येच बंद पडतो; एखादा निरोप उशिरा पोचतो, एखादा दोनदा पोचतो. अशा कारभारात एकच रिक्षा दोघांना दिली गेली, तर एक प्रवासी पावसात ताटकळतो आणि चालकाची फेरी फुकट जाते.

या घोटाळ्याचे मूळ पुष्कळदा खाडाखोडीत असते. नेहमीच्या रीतीने लिहिलेली आज्ञावली स्मृतीच्या कप्प्यात एक आकडा ठेवते, मग तो पुसून तेथे दुसरा लिहिते. लिहिणारा एकटा आहे तोवर यात बिघडत नाही. परंतु एकाच पाटीवर दहाजण लिहू-पुसू लागले, म्हणजे कोणी केव्हा काय वाचले हे सांगणे दुरापास्त होते. पेढीवरचा जुना मुनीम हे जाणून होता. चुकलेली रक्कम तो खरवडून काढीत नसे. तिच्याखाली उलट नोंद करी. म्हणून कित्येक वर्षांपूर्वीची रोजकीर्द उघडली, तरी हिशेब जुळवता येई.

संगणकाच्या जगात हाच बाणा धरणाऱ्या लेखनपद्धतीला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात. गणितात ज्याला फल म्हणतात, त्याला तीच संख्या कितीही वेळा दिली तरी उत्तर तेच येते. मधल्यामध्ये ते दुसऱ्या कोणाची पाटी पुसत नाही. अलोन्झो चर्च यांनी 1930 नंतरच्या दशकात या विचाराचा गणिती पाया घातला, आणि 1958 साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा योजून तो यंत्रावर आणला. गंमत अशी, की पुसून लिहिण्याची रीत ज्या फोर्ट्रान भाषेने रूढ केली, तिचे जनक जॉन बॅकस यांनीच 1977 साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्या रीतीवर कडक टीका केली. स्वतःच्या कर्तृत्वाची अशी झडती घेणारे लोक विरळाच.

अनेक यंत्रांच्या कामी या पद्धतीचा उपयोग कसा होतो, ते मतमोजणीवरून उमजते. प्रत्येक टेबलावर मतपत्रिकांचा एक गठ्ठा मोजतात आणि शेवटी बेरीज करतात. एका टेबलावरचा मोजणीदार आजारी पडला, तर त्याचा गठ्ठा दुसऱ्याकडे द्यावा. मतपत्रिका बदललेल्या नसतात, त्यामुळे आकडा तोच निघतो. गूगलमधील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी 2004 साली हजारो यंत्रांवर काम वाटण्याची जी मॅपरिड्यूस रीत प्रसिद्ध केली, तिची कल्पना त्यांनी लिस्पसारख्या भाषांतूनच घेतली होती. यंत्र बंद पडले तर काम दुसऱ्याकडे सोपवून मोकळे व्हायचे, हे तिचे बळ.

बंगळुरूच्या रिक्षांकडे परतायचे तर, 2022 च्या नोव्हेंबरात तेथे ‘नम्म यात्री’ ही सेवा सुरू झाली. रिक्षाचालकांच्या संघटनेची तिला साथ होती आणि जसपे या बंगळुरूच्याच कंपनीने ती घडवली. भाडे थेट चालकाच्या हाती पडावे, मधल्याने त्यातून टक्केवारी कापू नये, हा तिचा हेतू. तिची आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली आहे, आणि पडद्यामागचा तिचा भाग हॅस्केल या भाषेत आहे. ही भाषा 1990 साली सिद्ध झाली. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे.

अंतर, वेळ आणि दर दिले की भाडे किती, हा हिशेब हॅस्केलमध्ये निखळ फल म्हणून लिहिता येतो. तो कोणत्याही यंत्रावर, कितीही वेळा करावा. रिक्षा मात्र फल नव्हे. ती एक आहे, आणि एका वेळी एकाचीच होऊ शकते. ती कोणाची झाली हे कोठे तरी एकदाच ठरवून नोंदवावे लागते, आणि ते काम कोणतीही भाषा टाळू शकत नाही. हॅस्केल एवढेच करते, की आज्ञावलीचा कोणता भाग बाहेरच्या जगाला हात लावतो, हे त्या भागाच्या माथ्यावरच लिहायला लावते. निव्वळ हिशेबाच्या आड लपून कोणी वहीत फेरफार करू पाहील, तर आज्ञावली चालू होण्यापूर्वीच ती अडवते. शंका घेण्याची स्थळे त्यामुळे थोडी राहतात. या शिस्तीची किंमतही आहे. ही भाषा जाणणारे लोक मोजके, आणि नवख्याला ती सुरुवातीला हटवादी वाटते.

उरलेल्या स्थळी मुनिमाचीच युक्ती कामी येते. ‘नम्म यात्री’ ज्या बेक्न नावाच्या खुल्या संकेतांवर उभी आहे, त्यांत प्रत्येक व्यवहाराला आणि प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर पहिली नोंद पाहून दुसरा निरोप बाजूला ठेवता येतो. आणि मल्लेश्वरमच्या नाक्यावर एकच रिक्षा येऊन थांबते.